सामायिक की स्वतंत्र?

तारापूरच्या अणुऊर्जा केंद्राचे पहिले दोन संच १९६९ साली सुरू झाले, तेव्हा त्यांच्या काही यंत्रणा सामायिक होत्या. २००५-०६च्या सुधारणांत आणीबाणीची वीजव्यवस्था संचनिहाय वेगळी केली गेली, नवी डिझेल जनित्रे बसली. एका बिघाडाची झळ दुसरीकडे पोहोचू नये, हे सामायिकतेतल्या बचतीपेक्षा मोलाचे ठरले, आणि ते योग्यच होते. संगणकांना नेटवर्कवरून बूट करण्याचा इतिहासही मला याच बाजूने साक्ष देताना दिसतो. १९८५च्या बूटपी या नियमसंचात (प्रोटोकॉलमध्ये) डिस्क नसलेल्या संगणकाला पत्ता आणि बूट-फाइलचे नाव एकाच उत्तरात मिळे. १९९३मध्ये त्याच्या पुढचा डीएचसीपी आला, पत्ते मुदतीवर मिळू लागले. नेटवर्क-बूटच्या १९९९च्या पीएक्सई २.१ या मानकाने मात्र पत्ता देणे आणि बूट-फाइल सांगणे ही दोन कामे वेगळ्या सर्व्हरांकडे सोपवण्याची वाट दिली.

एकाच जाळ्यावर दोन डीएचसीपी सर्व्हर म्हणजे पत्त्यांचा घोळ, असा आक्षेप येतो. दोघेही पत्ते वाटू लागले तर तो खराच. पण समजा, बोईसरच्या एखाद्या कारखान्यात राउटर पत्ते देतो आहे. शेजारचा प्रॉक्सी-डीएचसीपी, म्हणजे पीएक्सईचा तो वेगळा सर्व्हर, पत्ता देतच नाही. तो फक्त बूट-सर्व्हर सांगतो आणि पुढची फाइल टीएफटीपी या साध्या फाइल-प्रोटोकॉलने येते. पालघरच्या दहा संगणकांच्या प्रयोगशाळेला एकच सर्व्हर पुरेल, हे मान्य. जिथे हिशेब, हजेरी आणि उत्पादन एकाच जाळ्यावर चालते, तिथे बूटच्या चाचणीतली चूक सगळ्यांचे पत्ते अडवू शकते. तिथे वेगळा सर्व्हर हवाच.