मॅन गल्च : प्रमुख हाका मारत राहिला

5 ऑगस्ट 1949. अमेरिकेतल्या मोंटाना राज्यात, मिसुरी नदीला मिळणाऱ्या मॅन गल्च या घळीत आदल्या दिवशीच्या विजांनी वणवा लागला होता. पॅराशूटने उतरून वणवे विझवणाऱ्या पथकावर तिथे काय ओढवलं, त्याचा हा घटनाक्रम. वेळा अंदाजे.

दुपारी 2.30 : मिझुला शहरातल्या तळावरून विमान सुटलं. प्रमुख वॅग डॉज, वय 33. अनुभव दांडगा, बोलणं मोजकं. तळावरच्या दुसऱ्या कामामुळे त्या हंगामात पथकाबरोबर त्याचा सराव झालेला नव्हता.

4.10 : पंधरा जण उतरले. रेडिओचं पॅराशूट उघडलंच नाही. रेडिओचा चक्काचूर झाला.

5.00 : सामान गोळा झालं. आग समोरच्या उतारावर होती. नेहमीचंच काम, असं सगळ्यांना वाटलं. एकट्याने आगीशी झुंजणाऱ्या वनरक्षकाला गाठायला डॉज निघाला. पथक त्याने दुय्यमाकडे सोपवलं.

5.40 : वनरक्षकाला घेऊन डॉज परतला. आता सोळा जण नदीकडे उतरू लागले.

5.45 : आग घळ ओलांडून अलीकडे आली होती, नदीची वाट बंद. डॉजने सगळ्यांना माघारी, चढावर वळवलं.

5.53 : ‘हत्यारं टाका’, असा हुकूम सुटला. काहींच्या हातून ती सुटेनात. एकाने सोबत्याचं फावडं काढून घेतलं आणि पळता पळता पाइनच्या झाडाला टेकवून ठेवलं.

5.55 : डॉजने काडी ओढून समोरचं गवत पेटवलं. जळून गेलेल्या जागेत आडवे व्हा, असं तो हातवारे करून ओरडत राहिला. मागे वणवा आणि हा पुढे आग लावतो! प्रमुखाला वेड लागलं असं वाटून सगळे पुढे पळाले.

5.56 : आगीत सापडलेल्या एका घड्याळाचे काटे या वेळेवर थांबले.

6.10 : डॉज राखेतून धडधाकट उठला. कड्याच्या फटीतून निसटलेले आणखी दोघे वाचले. तेरा जण गेले. त्यातले दोघे दुसऱ्या दिवशी.

डॉजची युक्ती बरोबर होती. पुढे ती प्रशिक्षणात शिकवली गेली. पण त्या दिवशी ती पथकाने कधी ऐकलेली नव्हती आणि समजावायला मिनिटभरही उरलं नव्हतं. प्रमुख हुकमाने नेमता येतो. त्याच्या शब्दावर आगीत झोपायचं, तर आधी त्याच्याबरोबर राबलेलं असावं लागतं. जोखमीच्या कामावर माणसं धाडणाऱ्यांनी प्रमुख आणि पथकाचा सराव एकत्रच घ्यायला हवा.