वादळाचे साक्षीदार : जहाजाच्या नोंदवहीपासून मोबाइलपर्यंत

३० एप्रिल १८८८ रोजी मुरादाबाद परिसरात झालेल्या गारपिटीत २४६ माणसे मृत्युमुखी पडली. जागतिक हवामान संघटनेच्या विक्रमनोंदीत गारपिटीच्या सर्वाधिक बळींची घटना ती हीच. गारपीट बहुधा अरुंद पट्ट्यात होते आणि थोड्याच वेळात ओसरते. दोन हवामानकेंद्रांमधील अंतर त्या पट्ट्याहून कितीतरी मोठे असते. रडार ढगातील गारांचा अंदाज देते, परंतु जमिनीवर काय पडले आणि केवढे पडले, हे तेथे उभा असलेला माणूसच सांगू शकतो. अशा विखुरलेल्या साक्षी एकत्र कशा आणायच्या, हा प्रश्न मोबाइलपेक्षा पुष्कळ जुना आहे.

त्याचे एक उत्तर कोलकात्यात सापडते. वादळांच्या नियमांवरील विल्यम रीड यांचा १८३८ मधील ग्रंथ वाचून प्रेरित झालेल्या हेन्री पिडिंग्टन यांनी १८३९ पासून बंगालच्या एशियाटिक सोसायटीच्या नियतकालिकात वादळांवर लेखमाला लिहिली. त्यांचे साधन होते जहाजांच्या नोंदवह्या. प्रत्येक कप्तानाला वादळ आपल्या जहाजापुरतेच दिसे : वेळ, ठिकाण, वाऱ्याची दिशा, वायुभारमापकातील पारा. पिडिंग्टन यांनी या नोंदी एकाच नकाशावर मांडल्या, तेव्हा वाऱ्याच्या दिशा एका केंद्राभोवती फिरताना दिसू लागल्या. सापाच्या वेटोळ्याचा अर्थ सुचवणाऱ्या ग्रीक शब्दावरून त्यांनी १८४८ मध्ये ‘सायक्लोन’ हे नाव रूढ केले.

या पद्धतीला दोन मर्यादा होत्या. जहाज बंदराला लागेपर्यंत नोंद मिळत नसे; आणि बुडालेल्या जहाजाची नोंदवही कधीच मिळत नसे. वादळ जिथे सर्वांत उग्र, तिथली साक्षच नाहीशी होई.

पहिली मर्यादा तंत्रज्ञानाने दूर केली. अमेरिकेत २००६ मध्ये सुरू झालेल्या ‘स्पॉटर नेटवर्क’ या प्रणालीत स्वयंसेवी वादळनिरीक्षकांचे स्थान नकाशावर दिसते आणि त्यांची निरीक्षणे हवामान कार्यालयांपर्यंत पोहोचतात. २०१२ मध्ये तेथेच ‘एमपिंग’ हे ॲप आले. त्यात कोणीही नागरिक गारा, पाऊस किंवा हिम यांची नोंद करू शकतो. भारतीय हवामानशास्त्र विभागानेही नागरिकांकडून पाऊस, गारपीट, धुळीचे वादळ, वीज, धुके यांची निरीक्षणे ऑनलाइन स्वीकारण्याची सोय केली आहे. कुठे, केव्हा आणि काय, ही पिडिंग्टन यांचीच त्रिसूत्री. फरक इतकाच, की स्थान आणि वेळ आता फोन स्वतः नोंदवतो.

दुसरी मर्यादा मात्र उरली आहे. नोंदी येतात त्या प्रामुख्याने दाट वस्तीतून आणि जिथे नेटवर्क आहे तिथून. मनोरा कोसळला, वीज गेली की गाव नकाशावरून निःशब्द होते. आणि निःशब्द गाव नकाशावर शांत गावासारखेच दिसते. म्हणूनच ‘एमपिंग’मध्ये ‘काहीही पडत नाही’ हा पर्याय मुद्दाम ठेवलेला आहे. आकाश कोरडे असल्याची नोंद आली, तर ती शांतता खरी मानता येते. नोंदच नसेल आणि रडारवर तीव्र ढग दिसत असेल, तर चौकशीचा पहिला फोन त्याच गावाला जायला हवा.