कियाम-उल-लैल

रमजानमधील, विशेषतः त्याच्या अखेरच्या दहा रात्रींतील, ऐच्छिक नमाज. शब्दशः अर्थ रात्री प्रार्थनेस उभे राहणे. हजार महिन्यांहून श्रेष्ठ असे कुराणाच्या ९७ व्या सूऱ्यात वर्णिलेली ‘लैलतुल कद्र’ या दहांतील एखाद्या विषम रात्री येते, अशी सर्वसाधारण समजूत आहे.

हा नमाज समूहाने पढावा की एकट्याने, हा वाद जुना आहे. अबू झर्र यांच्या कथनानुसार पैगंबरांनी २३, २५ व २७ या रात्री तो लोकांसह पढला व दर खेपेस अधिक उशिरापर्यंत चालविला. आयेशा यांच्या कथनात मात्र पुढचा भाग येतो : मशिदीत गर्दी वाढताच, हा नमाज सक्तीचा ठरेल या धास्तीने ते बाहेर आलेच नाहीत. खलीफा उमर (कार. ६३४–४४) यांनी विखुरलेल्या नमाजींना उबय इब्न कअब यांच्यामागे एकत्र आणले. ही नवी प्रथा त्यांनी चांगली मानली. पण लोक निजून घालवितात तो उत्तररात्रीचा प्रहर अधिक मोलाचा, अशी पुस्तीही जोडली. तिच्याकडे सहसा दुर्लक्ष होते. शियांना ऐच्छिक नमाजाची जमात मान्य नाही. १९, २१ व २३ या त्यांच्या जागराच्या रात्री होत. पहिल्या दोहोंना अलींवरील प्राणघातक हल्ला व त्यांचा मृत्यू (६६१) यांची शोकस्मृती जोडलेली आहे.