तक्रार नेमकी कोणत्या खोलीची? : तापमान-नियंत्रणाचा दुर्लक्षित इतिहास

१६ ऑक्टोबर १८३४ च्या रात्री लंडनमधील वेस्टमिन्स्टरचा जुना राजवाडा आगीत भस्मसात झाला. कॉमन्स सभागृहाला तात्पुरत्या जागेत बसणे भाग पडले. त्या जागेत शुद्ध आणि उबदार हवा पुरविण्याचे काम एडिंबरोचे रसायनशास्त्रज्ञ डेव्हिड बॉसवेल रीड यांच्याकडे आले. इमारतीतील उष्णतेचे ‘नियंत्रण’ हा स्वतंत्र प्रश्न म्हणून येथे ठळकपणे पुढे येतो.

रीड यांनी १८३६ मध्ये सभागृहाच्या जमिनीला असंख्य बारीक छिद्रे पाडली आणि त्यांवर घोड्याच्या केसांचा विरळ गालिचा अंथरला. तळघरात गरम व थंड हवेचे मिश्रण होई, ते छिद्रांतून वर येई, आणि बाहेरच्या उंच धुरांड्यातील आगीच्या ओढीने छतावाटे निघून जाई. कल्पना उत्तम होती. परंतु सदस्यांच्या बुटांची धूळही त्याच हवेबरोबर वर येऊ लागली, आणि मूळ अडचण तर धुळीपेक्षाही खोल होती.

हवा एक होती आणि माणसे शेकडो. एका बाकावरचा सदस्य उकाड्याने हैराण होई, तर दुसऱ्या बाकावरचा थंडीने कुडकुडे. तळघरातील माणूस झडप फिरवून एकाचे समाधान करी आणि त्याच क्षणी दुसऱ्याची तक्रार ओढवून घेई. हा यंत्राचा बिघाड नव्हताच. भिन्न गरजा असलेल्या माणसांना एकाच झडपेवर टांगले होते, आणि ती झडप कितीही कुशलतेने फिरविली तरी फरक पडणार नव्हता.

नव्या संसद-भवनातही रीड यांची नेमणूक झाली. त्यांच्या हवेच्या मार्गांसाठी वास्तुविशारद चार्ल्स बॅरी यांना मध्यवर्ती मनोरा उभारावा लागला. दोघांचे मात्र कधी जमले नाही, आणि १८५२ मध्ये रीड यांना काढून टाकण्यात आले. पराभूत पक्षाची बाजू इतिहासात सहसा आक्रसून जाते, म्हणून लिव्हरपूलच्या सेंट जॉर्जेस हॉलचा उल्लेख येथे आवश्यक ठरतो. १८५४ मध्ये खुल्या झालेल्या या इमारतीत न्यायालये होती, भव्य सभागृह होते आणि संगीताचे दालनही होते. रीड यांनी वेगवेगळ्या दालनांसाठी हवेचे वेगवेगळे मार्ग आखले आणि त्या मार्गांत कापडी पडदे बसविले. भुयारांसारख्या बोळांत उभे असलेले कामगार दोऱ्या ओढून ते पडदे उघडत व मिटत. आज ज्याला ‘झोन’ म्हणतात त्याचे हे स्पष्ट पूर्वरूप होय. फक्त येथे थर्मोस्टॅटच्या जागी हाडामांसाची माणसे होती.

पुढे रीड अमेरिकेला गेले, काही काळ विस्कॉन्सिन विद्यापीठात प्राध्यापक राहिले आणि १८६३ मध्ये वॉशिंग्टन येथे निवर्तले. योगायोग असा की, पुढचा अध्याय त्याच विस्कॉन्सिनमध्ये लिहिला गेला.

व्हाइटवॉटर येथील अध्यापक विद्यालयात वॉरन जॉन्सन शिकवीत असत. थंडीच्या दिवसांत शाळेचा शिपाई प्रत्येक वर्गात येऊन तापमापक पाही, मग तळघरात उतरून त्या वर्गाची झडप फिरवी. शिकविणे मध्येच थांबे, आणि शिपायाच्या फेऱ्या काही संपत नसत. १८८३ मध्ये जॉन्सन यांनी एका उपकरणाचे पेटंट मिळविले. दोन धातूंची गुंडाळी उष्णतेने वळे, पाऱ्याचा विद्युत-संपर्क जोडला जाई, आणि तळघरात घंटा वाजे. झडप अजूनही शिपायानेच फिरवायची होती. फेरीची जागा घंटेने घेतली, एवढेच. पण ‘कोणत्या खोलीची तक्रार?’ या प्रश्नाचे उत्तर आता तारेवरून मिळू लागले. १८८५ मध्ये मिलवॉकी येथे त्यांची कंपनी स्थापन झाली.

१८९५ च्या पेटंटने शिपायाचा हातही वगळला. आता निरोप्या होती दाबलेली हवा. खोलीतील द्विधातू पट्टी एका सूक्ष्म छिद्रावर कमी-अधिक टेकते. छिद्रातून हवा जितकी निसटेल तितका नळीतील दाब घटतो, आणि त्या दाबावर रेडिएटरची झडप सरकते. प्रत्येक खोली स्वतःपुरता निर्णय घेऊ लागली. एका भल्यामोठ्या इमारतीतील शंभर खोल्यांना शंभर तापमाने मिळणे आता शक्य झाले.

अर्थात नव्या व्यवस्थेबरोबर नवे आजारही आले, आणि त्यांचे निदान हीच एक विद्या बनली. सगळी इमारत बिघडली तर दोष हवा दाबणाऱ्या कॉम्प्रेसरकडे शोधायचा, एकच मजला बिघडला तर त्या मजल्याच्या नळीत, आणि एकच खोली बिघडली तर तिच्या थर्मोस्टॅटमध्ये किंवा झडपेत. तक्रारींचा नकाशा काढला की निम्मे निदान तिथेच होते. नळीत साचलेले पाणी व तेल हा तर जुनाच शत्रू, कारण केसाएवढे छिद्र बुजायला थेंबही पुरतो.

एक गोष्ट नवशिक्याला हमखास चकवते. हवेची नळी फुटली की खोली थंड पडेल असे वाटते, पण पुष्कळदा ती तापते. उष्णतेच्या झडपेत स्प्रिंग असते आणि दाब नाहीसा झाला की ती झडप उघडून धरते. कडाक्याच्या थंडीत पाण्याच्या नळ्या गोठून फुटण्यापेक्षा माणसांनी घामाघूम होणे परवडते, असा हिशेब रचनाकाराने आधीच मांडलेला असतो. म्हणजे जे बिघाडासारखे दिसते ते खरे तर पूर्वनियोजित वर्तन असते.

विसाव्या शतकात नळ्यांच्या जागी हळूहळू तारा व संगणक आले. तरीही अनेक जुन्या इमारतींत हवेवर चालणारी ही यंत्रणा अद्याप श्वास घेत आहे. कार्यालयांत तर आणखी एक गमतीचा प्रकार आढळतो. काही ठिकाणी भिंतीवरचा थर्मोस्टॅट कशालाच जोडलेला नसतो, तो केवळ कर्मचाऱ्यांच्या समाधानासाठी बसवलेला असतो. म्हणून खोली ऐकत नसल्याची तक्रार आली की मुरलेला तंत्रज्ञ तळघराकडे धावत नाही. तो आधी भिंतीवरचे झाकण उघडतो आणि त्यामागे नळी किंवा तार आहे की नाही, ते पाहतो.