खंडोबाचा रविवार आणि नव्या नोकरीतली रजा

अणदूरचा खंडोबा दरवर्षी पावणेदोन महिने रजेवर असतो. हे वाक्य वाचून एखादा अणदूरकर माझ्यावर काठी घेऊन धावेल, कारण देव रजेवर जात नाही, तो नळदुर्गला जातो. कबूल. पण आजचा विषय रजेचा आहे, आणि रजा कशी घ्यावी याचा इतका नीटनेटका नमुना मला दुसरीकडे सापडला नाही. म्हणून सुरुवात तिथूनच.

अणदूर म्हणजे धाराशिव (२०२३ पर्यंत उस्मानाबाद) जिल्ह्यातलं, तुळजापूर तालुक्यातलं गाव. सोलापूरहून हैदराबादला जाताना रस्त्यावरच लागतं. त्याच्या अलीकडे नळदुर्ग, म्हणजे तो प्रसिद्ध किल्ला आणि त्याचा पाणीमहाल. दोन्हीकडे खंडोबाची देवळं आहेत, पण मूर्ती एकच! सव्वादहा महिने देव अणदूरला आणि पावणेदोन महिने नळदुर्गजवळच्या मैलारपूरला. मार्गशीर्षाच्या सुमारास देव निघतो, पौष पौर्णिमेची नळदुर्गची यात्रा झाली की परत येतो. आमच्या भाषेत सांगायचं तर सर्व्हर दोन, इन्स्टन्स एकच.

खरी गंमत पुढे आहे. ही ने-आण तोंडी भरवशावर चालत नाही. दोन्ही गावचे मानकरी बसतात आणि लेखी करार होतो. देव कधी न्यायचा, कधी परत आणायचा, सगळं ठरलेलं. जाताना परतीची तारीख नक्की, आणि परत आल्यावर जागा तीच. मंडळी, हे शेवटचं वाक्य लक्षात ठेवा. मुंबईच्या गिरणी कामगाराला एवढी साधी गोष्ट मिळायला अर्धं शतक आणि वर काही वर्षं लागली.

आता मुद्द्यावर येतो. नवी नोकरी लागली, दीड महिना झाला, आणि घरी काहीतरी निघालं. बहिणीचं लग्न, गावची जत्रा, वडिलांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन. रजा मागायची कशी? आमच्या टीममध्ये मराठवाड्यातला एक मुलगा नोव्हेंबरात रुजू झाला आणि डिसेंबरात त्याला तीन दिवस हवे होते. पाठवण्याआधी त्याने मला मेल दाखवला. चार परिच्छेद, त्यात पाच वेळा 'सॉरी'.

"दादा, एवढ्या लवकर विचारलं तर वाईट दिसेल का?"

"कुणाला?"

तो गप्प बसला. उत्तर त्याच्याकडे नव्हतं आणि खरं सांगायचं तर माझ्याकडेही नव्हतं. इतकी शिकलेली, दर महिन्याला पगार घेणारी पोरं तीन दिवस मागताना चोरी केल्यासारखं का वागतात? ही भीती येते कुठून? मी तो शनिवार-रविवार त्यातच घालवला. (होय, रविवार. त्याच्याकडे येतोच आहे.)

आधी शब्द बघा. 'रजा' हा अरबी-फारसीतून आलेला शब्द, मूळ अर्थ संमती, राजीखुशी. 'रजामंदी' मधली रजा तीच. इंग्रजीतल्या 'लीव्ह'चा जुना अर्थही परवानगीच. म्हणजे दोन्ही भाषांत आपण दिवस मागत नाही, परवानगी मागतो. महाराष्ट्र सरकारच्या १९८१ च्या रजा नियमांतही स्पष्ट लिहिलंय की रजा हक्क म्हणून मागता येत नाही. सुट्टी सगळ्यांची असते, रजा एकट्याची असते. म्हणून रविवारी झोपताना कुणाला अपराधी वाटत नाही आणि मंगळवारी वाटतं.

पण रविवार तरी फुकट मिळाला का? मुळीच नाही.

शेतीत आठवड्याची सुट्टी नव्हती. अमावस्येला बैल जुंपायचे नाहीत, सणवार पाळायचे, एवढीच रीत. गिरणी आली आणि ते गणितच गेलं. यंत्राला अमावस्या नसते. १८८१ सालचा पहिला कारखाने कायदा आला, त्यात महिन्याला चार सुट्ट्या होत्या, पण फक्त मुलांना. आणि मुलं म्हणजे सात ते बारा वर्षांची! मोठ्या माणसांना त्या कायद्याने काहीच दिलं नाही.

इथे नारायण मेघाजी लोखंडे येतात. जन्म १८४८, महात्मा फुल्यांच्या सत्यशोधक चळवळीतले, १८८० पासून 'दीनबंधु' चालवणारे. १८८४ च्या सप्टेंबरात त्यांनी परळला गिरणी कामगारांच्या सभा घेतल्या आणि साडेपाच हजार सह्यांचा अर्ज तयार केला. मागण्या वाचा: रविवारी सुट्टी, दुपारी अर्धा तास विश्रांती, सकाळी साडेसहा ते सूर्यास्त एवढंच काम, मागच्या महिन्याचा पगार पुढच्या महिन्याच्या १५ तारखेच्या आत, आणि कामावर जखमी झालेल्याला बरा होईपर्यंत पगार. ही मागणीपत्राची यादी आहे, चैनीची नव्हे. सूर्यास्ताला घरी सोडा असं म्हणण्यासाठी साडेपाच हजार सह्या लागल्या होत्या.

त्यानंतर सहा वर्षं गेली. २४ एप्रिल १८९० ला मुंबईत सुमारे दहा हजार कामगारांची सभा झाली, तिथे दोन बायकाही बोलल्या. १० जून १८९० ला गिरणीमालकांनी रविवारची सुट्टी मान्य केली. पुढच्याच वर्षी, १८९१ च्या कायद्यात, आठवड्याची सुट्टी आली.

आणि रविवारच का? साहेबाचं चर्च होतं हे तर आहेच. पण आपल्याकडे हेही सांगितलं जातं की लोखंड्यांनी रविवार हा खंडोबाचा वार म्हणून मागितला. रविवार खंडोबाचा हे अणदूरपासून जेजुरीपर्यंत कुणालाही विचारा. मला यातली हुशारी आवडते. मागणी अशी करायची की ती मालकाच्या कॅलेंडरलाही सोसते आणि कामगाराच्या देवघरालाही. आपण ज्याला 'वीकेंड' म्हणतो त्याच्या मुळाशी भंडारा आहे, बरं का! लोखंडे १८९७ च्या प्लेगात रुग्णांची सेवा करताना गेले.

तर आठवड्याचा एक दिवस मिळाला. आता सलग दिवसांचं काय?

मुंबईच्या गिरण्यांतला माणूस मुख्यतः कोकणातला आणि घाटावरचा. बायको, आईबाप, दोन तुकडे जमीन गावी. पेरणीला, कापणीला, शिमग्याला, गणपतीला, लग्नाला त्याला गावी जावंच लागे. सोलापुरात १८७७ ची 'जुनी मिल' उभी राहिली, तिथेही आजूबाजूच्या खेड्यांतून माणसं आली. अणदूर तेव्हा निजामाच्या राज्यात, म्हणजे तिथल्या कुणाला सोलापूरच्या गिरणीत जायचं तर राज्यच बदलायचं.

पण गावी जायला रजा अशी नव्हतीच. माणूस जायचा, आणि त्याच्या साच्यावर बदली उभा राहायचा. बदली म्हणजे गेटवर रोज सकाळी येऊन थांबणारा, कुणी गैरहजर असेल तरच काम मिळणारा. कुणाला आत घ्यायचं हे ठरवणार जॉबर. त्यानेच भरती केलेली, काढणारही तोच. गावाहून महिन्याने परतलेल्याला जुनी जागा परत हवी तर जॉबरचे हात ओले करावे लागत, त्याला नाव होतं दस्तुरी. नाहीतर वर्षानुवर्षं काम केलेला माणूसही पुन्हा गेटवर, बदल्यांच्या रांगेत.

थोडक्यात, प्रत्येक परतीला तो नवा कामगार होत होता. नव्या माणसाने दिवस मागणं म्हणजे जागा सोडणं, हे समीकरण तिथे पक्कं झालं. आमच्या त्या मुलाच्या पाच सॉरींचं मूळ मला इथे दिसतं. त्याचं प्रोबेशन म्हणजे सुधारलेली बदलीच की! ओळखपत्र आहे, पण कायम नाही. आणि जॉबर नसला तरी 'इंप्रेशन' नावाचा एक अदृश्य जॉबर आहेच.

हे सगळं सरकारी दप्तरी नीट मांडलं ते १९२९ साली नेमलेल्या व्हिटली कमिशनने, म्हणजे कामगारांविषयीच्या रॉयल कमिशनने. अहवाल १९३१ चा. मालकांची जुनी तक्रार होती की हा कामगार टिकत नाही, सारखा गावी पळतो. कमिशनचं म्हणणं साधारण असं पडलं की गावाशी असलेला संबंध तोडू नका, तो माणसाचा आधार आहे. त्याला ठरावीक मुदतीची रजा मागायला उत्तेजन द्या, आणि वेळेवर परतला तर जुनं काम परत मिळेल असं वचन देऊन पाठवा.

ठरावीक मुदत. परतीचं वचन. जागा तीच. अणदूर-नळदुर्गचा करार आठवला का?

वचन मिळालं तरी पगार मिळायला आणखी वेळ गेला. १९३६ साली आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेने पगारी रजेचा करार केला: एक वर्षाच्या सलग नोकरीनंतर किमान सहा दिवस. आपल्याकडे १९४५ च्या दुरुस्तीने कारखान्यांत बारा महिन्यांच्या सलग सेवेनंतर दहा दिवस पगारी रजा आली. १९४८ च्या कारखाने कायद्याने ते धोरण पुढे नेलं आणि १९५४ च्या दुरुस्तीने आला तो प्रसिद्ध आकडा: २४० दिवस. वर्षात २४० दिवस भरले की पुढच्या वर्षी दर २० दिवसांमागे एक दिवस रजा.

२४० का? वर्षाला भागून पाहिलं तर ०.६५८, म्हणजे जवळपास दोन तृतीयांश. आणि कायद्यातही तसंच आहे: १ जानेवारीनंतर रुजू झालेल्याने उरलेल्या दिवसांच्या दोन तृतीयांश दिवस काम केलं तरी चालतं. १ जुलैला लागलात तर उरले १८४, त्याचे दोन तृतीयांश सुमारे १२३. म्हणजे जो उशिरा आला त्याचा विचार कायदा करणाऱ्यांनी केला होता. फक्त रजा मिळायची ती पुढच्या वर्षी. चालू वर्षात बहिणीचं लग्न असेल तर कायदा गप्प.

शिवाय हाच २४० चा आकडा औद्योगिक विवाद कायद्यात नोकरीच्या सलगपणासाठीही वापरला गेला. त्यामुळे काही मालकांनी उलटी युक्ती काढली, माणसाचे २४० भरूच द्यायचे नाहीत! अशा ठिकाणी नव्या माणसाला एकेक खाडा किती महाग पडत असेल, विचार करा. खाड्याची ती धास्ती आपल्या आधीच्या पिढीने घरात आणली. "नवीन नोकरी आहे, खाडा करू नकोस" हे वाक्य किती घरांत ऐकलं असेल!

आता आपली, म्हणजे कीबोर्डवाल्यांची गोष्ट. आपण कारखान्यात नाही, महाराष्ट्रात आपल्याला दुकाने व आस्थापना कायदा लागतो. १९४८ च्या जुन्या कायद्यात २४० दिवसांना २१ दिवस रजा तर होतीच, पण तीन महिने झालेल्यालाही दर ६० दिवसांमागे पाच दिवसांपर्यंत रजेची सोय होती. २०१७ च्या नव्या कायद्यात २४० दिवस आणि वीसास एक हे सूत्र आहेच, पण त्याखेरीज वर्षाला आठ दिवस पगारी नैमित्तिक रजा आहे, दर तिमाहीला खात्यावर जमा होणारी. या आठ दिवसांना २४० ची अट नाही. आणि केंद्राच्या २०२० च्या कामगार सुरक्षा संहितेत २४० चे १८० झाले, ती संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाली.

१२ महिने, मग २४० दिवस, मग १८०. आलेख खाली येतोय. कायदा हळूहळू मान्य करतोय की नव्या माणसालाही आईबाप असतात.

म्हणून नव्यांनी काय करावं? माझं मत विचाराल तर अणदूरचं बघावं. रुजू व्हायच्या आधी तारीख माहीत असेल तर ऑफर स्वीकारतानाच सांगा आणि लेखी घ्या. देवसुद्धा करार करून निघतो. आधी माहीत नसेल तर कळल्या दिवशी सांगा. किती दिवस, परत कधी, मागे काम कोण बघणार, एवढ्या तीन गोष्टी पुरतात. कारण एका ओळीत. माफी नको, कारण तुम्ही काही मोडलेलं नाही. त्या मुलाचा मेल आम्ही चार ओळींचा केला. मॅनेजरचं उत्तर आलं: ठीक, हॅण्डओव्हर करून जा. बस्स.

आणि जे आता टीम लीड, मॅनेजर वगैरे झालेत त्यांच्यासाठी एकच. नवा मुलगा दीड महिन्यात रजा मागतो तेव्हा त्याची निष्ठा तपासली जात नसते, आपण व्हिटलीच्या बाजूचे की जॉबरच्या, हे तपासलं जात असतं. तो मुलगा तुम्ही 'हो' म्हणालात की 'हो' कसं म्हणालात हे वर्षानुवर्षं लक्षात ठेवणार आहे.

असो. आज रविवार आहे, खंडोबाचा वार. लॅपटॉप बंद करतो. येळकोट येळकोट!