छावणीतली जमीन नेमकी कुणाची?



आपल्यापैकी कुणी पुण्यात राहतं, कुणी महूला, कुणी अंबाल्याला. 'कॅन्टोन्मेंट' ही पाटी सगळ्यांनीच पाहिली असेल. त्या पाटीपलीकडची जमीन कुणाची, हा आजचा विषय.

ईस्ट इंडिया कंपनीने पहिली छावणी १७६५ मध्ये कोलकात्याजवळ बराकपूरला वसवली. फौज आली की शिंपी, धोबी, वाणी, गवळी लागतातच. ही माणसं घुसखोर नव्हती. फौजेला त्यांची गरज होती, म्हणून सदर बाजार उभा राहिला. मग १८३६ मध्ये बंगालच्या फौजेसाठी गव्हर्नर जनरलचा १७९ क्रमांकाचा हुकूम निघाला. मथितार्थ असा की घर तुमचं, जमीन सरकारची. महिन्याची नोटीस आणि बांधकामाची किंमत दिली की सरकार जागा परत घेऊ शकतं. यालाच 'ओल्ड ग्रँट' म्हणतात, आणि अनेक छावण्यांत तो आजही चालू आहे.

मी उत्तरेतल्या एका छावणीत असताना एक म्हातारे दुकानदार माझ्याकडे आले होते. छप्पर गळत होतं आणि दुरुस्तीच्या परवानगीचा अर्ज दोन पावसाळे पडून होता. म्हणाले, "साहेब, तीन पिढ्या इथे गेल्या. कर भरतो, पण बँक कर्ज देत नाही. जमीन आमच्या नावावर नाही ना!" माझ्याकडे उत्तर नव्हतं.

देशात अशा ६२ छावण्या होत्या. २७ एप्रिल २०२३ रोजी हिमाचलमधल्या योल छावणीचा दर्जा अधिसूचनेने संपला. दुसऱ्या महायुद्धात इटालियन युद्धकैदी ठेवले होते, तेच हे योल. नागरी वस्ती शेजारच्या पंचायतींकडे गेली आणि लष्करी भाग 'मिलिटरी स्टेशन' झाला. पुढे २०२४ मध्ये इतर छावण्यांसाठी मार्गदर्शक सूचना आल्या. रस्ते, पाणी, दिवे अशा नागरी सोयींच्या मालमत्ता राज्याला किंवा नगरपालिकेला विनामूल्य मिळणार. पण जिथे लागू असेल तिथे जमिनीचा मालकी हक्क केंद्राकडेच राहणार.

खरी मेख इथेच आहे. नळ आणि गटार नगरपालिकेचं झालं, तरी घराखालची जमीन १८३६ मध्येच अडकलेली राहू शकते.

मी फौजी आहे. फायरिंग रेंज आणि सरावाची मैदानं एकदा गेली की परत मिळत नाहीत, हे मला ठाऊक आहे. त्यातली इंचभरही देऊ नये. पण बाजारपेठेच्या गटारांचा कारभार पाहणं हे सैनिकाचं काम नाही. वस्ती सोपवायची असेल तर सर्व्हे करा, सुरक्षेची हद्द पक्की आखा आणि आत पिढ्यान्‌पिढ्या राहणाऱ्यांच्या जमिनीचा हिशेब एकदाचा मिटवा. नाहीतर फक्त पाटी बदलेल आणि त्या दुकानदाराचं छप्पर गळतच राहील.

तुमच्या गावच्या छावणीत काय स्थिती आहे, ते जरूर कळवा. जय हिंद!