अडून बसणारे अपडेट

अपडेट निम्म्यावर आले की ‘अमुक पॅकेजला तमुक लायब्ररी हवी, पण ती बसवता येत नाही’ असे सांगून लिनक्स अडून बसते. संगणक बिघडला, असाच बहुतेकांचा समज होतो. खरे पाहता हे अडून बसणे हीच गेल्या तीस वर्षांची कमाई आहे. ते नव्हते तेव्हाचे हाल विंडोज ९५ आणि ९८ वापरलेल्यांना आठवत असतील. नवा प्रोग्राम टाकला की तो सामाईक लायब्ररीच्या डीएलएल फाइलवर आपली आवृत्ती बिनदिक्कत चढवी, आणि कालपर्यंत नीट चालणारा भलताच प्रोग्राम आज उघडत नसे. टाकताना कुणी हरकतच घेतलेली नसल्याने दोष कुणाच्या माथी मारायचा तेही कळत नसे. या छळाला ‘डीएलएल हेल’ असे नावच पडले. मग मायक्रोसॉफ्टने विंडोज २०००मध्ये सिस्टीमच्या फाइलींना संरक्षण दिले, आणि २००१च्या एक्सपीत एकाच लायब्ररीच्या दोन आवृत्त्या शेजारी-शेजारी नांदू लागल्या.

लिनक्सने वाट वेगळी धरली. इयन मर्डॉक यांनी १९९३मध्ये सुरू केलेल्या डेबियनमध्ये प्रत्येक पॅकेज आपली कैफियत सोबत आणते: मला काय लागते, कोणत्या आवृत्तीचे लागते, कुणाशी माझे जमत नाही. रेड हॅटच्या आरपीएम पॅकेजांचेही तेच. पण पॅकेज बसवणारी सुरुवातीची साधने नुसती नकार देत. हवी ती लायब्ररी वापरणाऱ्याने शोधायची, आणि एक सापडली की ती आणखी चार मागायची. १९९९च्या डेबियन २.१मध्ये एपीटी हे साधन आले आणि अख्खी साखळी आपोआप उतरू लागली. तंटा मात्र मिटला नाही, कारण तो मुळातच अवघड आहे. एडॉस या युरोपीय प्रकल्पातील संशोधकांनी दाखवून दिले की एखादे पॅकेज बसेल की नाही हा प्रश्न गणितात ‘एनपी-कम्प्लीट’ ठरतो, म्हणजे दरवेळी झटपट उत्तर देणारी रीत आजवर कुणाला सापडलेली नाही. म्हणूनच २००८च्या ओपनसुसे ११.० पासून तर्कशास्त्रातले सॅट सॉल्व्हर या कामाला जुंपले गेले. पुण्यात १९८८मध्ये स्थापन झालेल्या सी-डॅक या संस्थेची ‘बॉस’ ही प्रणाली डेबियनवरच उभी आहे, तेव्हा मराठीतून चालणाऱ्या या देशी लिनक्सलाही हीच शिस्त वारशाने मिळाली.

यावर हमखास आक्षेप येतो: सामाईक विहिरीवर भांडण्यापेक्षा ज्याने-त्याने आपले बोअर घ्यावे. लिनक्सवरचे स्नॅप आणि फ्लॅटपॅक हे पॅकेज-प्रकार बऱ्याच अंशी तेच करतात. लायब्ररी प्रोग्रामसोबतच येते आणि तंटा उरत नाही. सोय खरी आहे, पण तिची किंमत दोनदा मोजावी लागते. बिंदुसरा धरणाजवळच्या पालीसारख्या गावात मोबाइलच्या डेटावर लॅपटॉप चालवणाऱ्याला तीच लायब्ररी पुन्हा पुन्हा उतरवणे परवडत नाही. दुसरी किंमत सुरक्षेची. एप्रिल २०१४मध्ये ओपनएसएसएल या लायब्ररीतले ‘हार्टब्लीड’ हे भोक उघड झाले, तेव्हा सामाईक लायब्ररी बदलून सेवा पुन्हा सुरू केल्या की तिच्यावरचे सगळे प्रोग्राम एकदम दुरुस्त होत. डिसेंबर २०२१मध्ये लॉग४जे या लायब्ररीतले भोक उघड झाले, तेव्हा तिची प्रत कुठल्या प्रोग्रामच्या पोटात दडली आहे ते शोधण्यातच जगभरच्या संगणक विभागांचे आठवडे गेले.

दुसरा आक्षेप अधिक रास्त आहे. कैफियत लिहिणारा माणूसच असतो, त्याने आवृत्तीची अट विनाकारण आवळली तर नकारही विनाकारण येतो. असे घडते, आणि तिथे दोष पॅकेज बांधणाऱ्याचा. पण नकार त्रासदायक आहे म्हणून तो खोटा ठरत नाही. एप्रिल २०२२च्या उबुंटू २२.०४ या लिनक्सने ओपनएसएसएल ३ घेतले आणि जुनी ‘लिबएसएसएल १.१’ वगळली. बाहेरून आणलेली कित्येक पॅकेजेस त्यामुळे अडली. अनेकांनी आधीच्या उबुंटूतून जुनी लायब्ररी आणून बसवली, नकार मिटला, काम सुरू झाले. त्या लायब्ररीच्या १.१.१ या शेवटच्या मालिकेला मूळ प्रकल्पाकडून मिळणाऱ्या मोफत दुरुस्त्या ११ सप्टेंबर २०२३ रोजी बंद झाल्या.